सरत्याची दोरी

दसरा झाला की सीमाचं डोकं दुखायला लागायचं. मेडिकलमधल्या गोळीनं ते थांबत नसे, कारण दुखणं डोक्यात नव्हतंच. दसऱ्यानंतर हरभऱ्याची पेरणी यायची, आणि पेरणी आली की तिचा नवरा किशोर आणि तिची धाकटी जाऊ मैना महिनाभर एकाच तिफणीच्या मागंपुढं असायचे.

दर्यापूरच्या त्या भागात विहिरींना खारं पाणी लागतं. हरभरा काढायचा तो जमिनीतल्या ओलीवर. बी ओलीत पडलं तर उगवणार, वर राहिलं तर पाखरं खाणार. ट्रॅक्टर आता घरोघरी पोचले होते, तरी गावातली पंधरा-वीस घरं अजून किशोरची बैलांची तिफणच सांगून ठेवत. खरं तर ती तिफण सांगत नव्हती, मैनाचा हात सांगत होती. सीमाला हे माहीत होतं आणि तेच तिला सलत होतं.

तिफणीच्या मागं दोरीनं सरता बांधलेला असतो. सरता म्हणजे बांबूची पोकळ नळी आणि तिच्या तोंडाशी लाकडी वाटी. हरभऱ्याच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, मधूनमधून करडईचं तास टाकायचं ते या नळीतून. बाईनं एका हातानं नळी धरून चालायचं आणि दुसऱ्या हातानं ओटीतलं बी वाटीत सोडायचं, बोटांवर अंगठा फिरवत, दोन-दोन दाणे. मैना तोंडानं पुटपुटायची, ‘दोन सोड, दोन सोड.’ तिची करडई वीतवीतभर अंतरानं उगवायची. बाया तिच्या तासाकडे बोट दाखवून आपल्या सुनांना बोलायच्या.

सीमाचीही एकदा परीक्षा झाली होती. लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते, आता बावीस वर्षं झाली. सासू होती तेव्हा. सासूनं सरता तिच्या हातात दिला आणि सीमानं घाबरून मुठीच्या मुठी सोडल्या. पंधरा दिवसांनी करडई वर आली ती जागोजागी झुबक्यांनी. कापणीपर्यंत ते झुबके रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिले. सासू म्हणाली, “बाई, पेरतं का ढीग घालतं?” त्यानंतर तिला कोणी सरत्याला हात लावू दिला नाही आणि तिनंही मागितला नाही.

मैनाचा नवरा देवानंद, म्हणजे किशोरचा धाकटा भाऊ, तीन वर्षांपूर्वी वावरात वीज पडून गेला. मूलबाळ नव्हतं. माहेर पातूरकडचं, तिथं भाऊ होता, पण मैना गेली नाही. पेरणीला हात लागतो म्हणून सासरे खुशालरावांनीही तिला जाऊ दिलं नाही. किशोर नात्यानं तिचा भासरा. भासऱ्यासमोर धाकट्या भावजयीनं पदर पुढं ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही त्या घराची रीत खुशालराव जिवंत असेपर्यंत तरी मोडणार नव्हती. त्यामुळे दिवसभर दोघं एका वावरात चालायचे, पण एक शब्द होत नसे. बी संपलं, नळीत माती अडकली, तिफण थांबवायची झाली, की मैना सरत्याची दोरी ओढायची. जरासा हिसका. रुमण्यावर, तिफणीच्या मुठीवर ठेवलेल्या हाताला तो कळायचा आणि किशोर मागं न पाहता बैल उभे करायचा.

सीमानं हे धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, न्याहारी घेऊन जाताना शंभरदा पाहिलं होतं. तिच्या पोटात आग पडायची ती बोलण्यानं नव्हे, त्या न बोलण्यानं. ती स्वतः बावीस वर्षं घसा ताणून बोलत आली होती. गॅस संपला, दळण आणा, पोराला, सागरला पुण्याला फोन लावा, पाठीत कळ येते. किशोर ‘हो’ म्हणायचा आणि विसरायचा. आणि ही बया दोरी ओढते न ओढते तोच त्याचे पाय थांबतात! सीमाला वाटायचं, लोकांच्या नवऱ्यांची लफडी असतात ती तरी बरी, निदान पकडता येतात. दोरीच्या हिसक्याला कोणी काय पकडावं?

या वर्षी तिच्या जळफळाटाला एक कारण मिळालं. मैनाची बोटं आता वावराबाहेरही चालायला लागली. भाकरी थापून झाली की, भांडी घासून झाली की, ओसरीवर नुसती बसली तरी तिचा अंगठा बोटांवर फिरायचा आणि ओठ हलायचे. दोन सोड, दोन सोड. सीमानं हे प्रथम गावचे पोलीस पाटील पुंजाजी यांना सांगून पाहिलं. पुंजाजी हसले. “सरत्यावरच्या बाईचा हात आहे वं तो. माह्या मायचा बी चाले. मरतानी चालत होता तिचा.”

पण बाजारच्या दिवशी दर्यापूरला जाताना जीपमध्ये एक अनोळखी बाई दुसरीला सांगत होती की तिच्या नणंदेला पोलिसांनी कोर्टाचा कागद आणून दवाखान्यात नेलं, दहा दिवस ठेवलं, डोकं तपासलं. सीमा दोघींच्या मधे दाबून बसली होती. जीपमधून उतरेपर्यंत तिचं ठरलं. दहा दिवस नेतील. वेडी म्हणून नाव निघेल. नाव निघालं की पातूरचा भाऊ शरमेनं येईल आणि बहिणीला घेऊन जाईल. सीमाला मैनाचं वाईट करायचं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. तिला फक्त ती तिफणीमागून जायला हवी होती.

ठाण्यात फौजदार नीलम मॅडम होत्या. वयानं सागरपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी सीमाला खुर्ची दिली, त्यामुळे सीमा जास्तच बोलली.

“पुटपुटते. दिवसभर बोटं चोळते, अशी. जेवतानी बी. हाक मारली त ध्यान नसते.”

“कोणाला मारते? सामान फेकते?”

“नाई.”

“मग ताई, यात आमचं काय काम? डॉक्टरला दाखवा. सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सीमाला वाटलं, झालं, आता ही उठा म्हणणार. बाजाराची पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “कोंडून ठेवा लागते तिले. कोठ्यात. बाहेरून कडी लावून.”

पेन पुन्हा वर आलं. “कधीपासून?”

“पोळ्यापासून.”

नीलम मॅडमचा चेहरा बदलला. “हे पहिलं सांगायचं होतं. आजारी माणसाला घरात कोंडून त्याचे हाल होत असतील, तर ठाण्यानं मॅजिस्ट्रेटना कळवावंच लागतं. पुढं कोर्ट ठरवेल. पण ताई, कोंडणारे कोण, तेही विचारतील.”

सीमानं तेवढं शेवटचं वाक्य ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. बाजारातून येताना तिनं वांगी घेतली, ती घरी आल्यावर किडकी निघाली.

चौथ्या दिवशी दुपारी पोलिसांची गाडी पांदीच्या वाटेनं येताना सीमाला अंगणातून दिसली. किशोर वावरात होता, खुशालराव पारावर. मैना गुरांच्या कोठ्यात बसून सुपात करडई निवडत होती. कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून तिनं दार आतून लोटून घेतलं होतं. सीमा दोन क्षण उभी राहिली. मग ती पायांचा आवाज न करता गेली आणि तिनं कोठ्याची कडी बाहेरून लावली.

नीलम मॅडम आल्या. सीमानं त्यांच्यासमोर कडी काढली. आत शेणाच्या वासात, पायाजवळ सूप घेऊन मैना बसली होती, डोक्याला भुसा लागलेला, अंगठा बोटांवर फिरत होता. गाडी पाहून ती बावरली आणि तिला विचारलेल्या पहिल्या दोन प्रश्नांना तिनं उत्तर दिलं नाही. मॅडमनी मोबाइलमध्ये फोटो घेतला. मैनानं मात्र त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर कडीवर होती आणि मग ती सीमाच्या हातावर आली.

कोर्टाचा हुकूम सोमवारी आला. त्या दिवशी पेरणी वलगावच्या रस्त्याकडच्या मोठ्या वावरात होती. चढतं ऊन, काळ्या ढेकळांतून वाफ निघत होती, किशोरची बंडी घामानं पाठीला चिकटली होती. नीलम मॅडम आणि एक शिपाईबाई तासं तुडवत आल्या. दोरीला हिसका बसला, बैल थांबले. थांबवलं मैनानंच, पोलीस तिला आधी दिसले होते.

मॅडमनी कागद वाचला. मैना हिला तपासणीसाठी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात जास्तीत जास्त दहा दिवस ठेवून मानसिक प्रकृतीचा अहवाल कोर्टात द्यावा.

“मॅडम, कोणं सांगतलं हे?” किशोर म्हणाला. “हे बाई येडी असन त आमी सारे येडे आहो. तास पाहा न तिचं! पाहा!”

“तासावरून मला ठरवता येत नाही दादा. डॉक्टर ठरवतील. शहाण्या असतील तर परत येतील, आम्ही काय तुरुंगात नेत नाही.”

मजूर बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मैनानं ओटी सोडली, उरलेली करडई टोपल्यात ओतली, एक दाणा खाली पडला तो वाकून उचलला. मग तिनं पदर पुढं ओढला आणि शिपाईबाईच्या आधी स्वतःच गाडीकडे चालायला लागली. धुऱ्यावर सीमा न्याहारीचं गाठोडं घेऊन उभी होती. तिला वाटलं होतं, हे पाहून बरं वाटेल. थोडं वाटलंही.

पण मग मॅडम म्हणाल्या, “वॉर्डात सोबत घरचं एक माणूस लागतं. कोण येतंय?”

किशोरनं पेरणी सोडायची कशी? बातमी ऐकून गावातून आलेल्या खुशालरावांनी धाप टाकत निकाल दिला, “सीमा जाईन. दुसरं कोण आहे?”

अशा रीतीनं ज्या बाईला मैना डोळ्यांसमोर नको होती, तिला मैनाच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून राहावं लागलं.

वॉर्ड स्वच्छ होता आणि त्याला फिनेलचा वास होता. सकाळी चहा, मग गोळ्यांची ट्रॉली, मग डॉक्टरांचा राउंड. मैनाला गोळ्या नव्हत्या. तिला रोज अकरा वाजता डॉक्टर माधवी आपल्या खोलीत बोलवायच्या आणि तासभर बसवून घ्यायच्या. सीमाला बाहेरच्या बाकावर बसावं लागे. दार पूर्ण लागत नसे, त्यामुळे तिला सगळं ऐकू यायचं.

“रात्री झोप लागते का मैनाताई?”

“लागते. पहाटं जाग येते.”

“जाग आल्यावर मनात काय येतं?”

सीमाला वाटलं, हा काय प्रश्न झाला? मनात काय येतं म्हणे! पण आत कोणी हसलं नाही. डॉक्टर गप्प राहून उत्तराची वाट पाहत होत्या. मैनानं बराच वेळ घेतला, तरी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी: जेवण गोड लागतं का? तिसऱ्या दिवशी: लहानपणी घरात कोण लाड करायचं? सीमा बाकावर बसून स्वतःची उत्तरं मनात जुळवायला लागली. झोप? झोप तिला तीन वर्षांत धड लागली नव्हती. जेवण? स्वयंपाक करणाऱ्याला जेवण कसलं गोड लागतं. लाड? तिचे लाड तर कोणी केलेच नव्हते, पाच बहिणींतली चौथी ती. हे सांगायला तिच्याकडे मैनापेक्षा कितीतरी जास्त होतं. पण आत खुर्ची मैनाला आणि बाहेर बाक सीमाला.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मैनाच्या खांद्यावर हात ठेवून तिला दारापर्यंत सोडलं. सीमाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिफणीमागून काढून इथं आणली, तर इथंही हीच मानाची! पाणी आणायचं सीमानं, चादर झटकायची सीमानं, आणि विचारपूस हिची. खाटेशी आल्यावर ती म्हणाली, “मजा आहे बाप्पा तुयी. साहेबिणी संग बसून राहिली.”

मैना नळीसारखी ताठ झोपली होती. ती छताकडे पाहत म्हणाली, “बाई, तुमी बी बसा. तुमाले कोणं अडवलं?”

रविवारी किशोर आला. पांढरा शर्ट, पायात मातीनं भरलेल्या वहाणा. त्यानं दर्यापूरच्या स्टँडवरून फुटाण्यांचा पुडा आणला होता, तो दोघींच्या मधे खाटेवर ठेवला. मैनानं पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं. किशोर सीमाकडे पाहून बोलायला लागला, पण बोलणं कोणासाठी आहे हे तिला कळत होतं.

“आशाबाईले लावलं सरत्यावर. करडई कमीजास्त पडून राहिली. लोकं बोलतात.”

भिंतीकडून आवाज आला, “बाई, त्याईले म्हणा, आशाबाईच्या ओटीत दोन पायल्या बी नका देऊ. ओटी जड झाली का मूठ मोठी होते. थोडं थोडं द्या म्हणा.”

किशोर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं स्वच्छ ऐकलं होतं. तरी तो सीमाच्या तोंडाकडे पाहत थांबला, कारण रीत ती रीत.

“थोडं थोडं द्या म्हणते,” सीमा दातओठ खात म्हणाली.

“बरं. तिले म्हण, बाबा तिची याद करतात.”

“बाबा याद करतात तुयी.”

असा तिनं अर्धा तास दोघांचा पोस्टमन होऊन काढला. निघताना किशोरनं सीमाला विचारलं ते एवढंच, की दळणाचा डबा कुठं ठेवला आहे.

सोमवारी, आठव्या दिवशी, दाराच्या फटीतून पुन्हा डॉक्टरांचा आवाज आला.

“घरात कोणाचा राग येतो?”

“बाईचा.” मैनानं लगेच उत्तर दिलं. “माह्या जाऊबाईचा.”

सीमा बाकावरच पुढं सरकली. आता कडीचं निघणार.

“का?”

“तिचा नवरा हाये. ते त्याच्यावर ओरडते, थो हो-हो म्हणते. ते भांडे आपटते. भिंतीच्या पलीकडून मले सारं आयकू येते. मॅडम, माह्यासंग त भांडाले बी कोणी नाई. सासरे, भासरे, दोघाईसमोर तोंड बंद. तीन वर्स झाले, मी सरत्यावर बोलतो तेवढंच माह्यं बोलणं. दोन सोड, दोन सोड. म्हून थे घरी बी तोंडात येते. चूप राहिलं का जीभ सुजल्यावानी वाटते. मले तिच्यावर लय जळण होते, मॅडम. कधी वाटते, तिचं तोंडच बंद व्हावं.”

“आणि कोठ्यात कोंडायचे, त्याचं काय?”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“थे तिलेच इचारा.”

 सीमावर जळणारं या जगात कोणी असेल, हे तिला स्वप्नातही वाटलं नसतं. आणि जळावं कशावर, तर तिच्या ओरडण्यावर! तिला हसू आलं नाही. तिला एकदम भूक लागल्यासारखं झालं.

दुपारी डॉक्टरांनी सीमाला आत बोलावलं. शेवटी ती खुर्ची मिळाली. खुर्ची साधीच होती, प्लॅस्टिकची.

“सीमाताई, अहवाल मला परवा पाठवायचा आहे. मला त्यांच्यात आजार दिसत नाही. दुःख आहे. पण दोन गोष्टी अडतात. बोटांची ती हालचाल आणि पुटपुटणं सारखं चालू आहे, त्यांना विचारलं तर सरत्याचं काहीतरी सांगतात, ते मला नीट कळत नाही. आणि पोलिसांच्या कागदावर आहे की त्यांना कोंडून ठेवावं लागतं. हे खरं असेल तर मला त्यांना इथंच आणखी ठेवण्याबद्दल लिहावं लागेल. तुम्ही घरच्या आहात. तुम्ही सांगा.”

इतकं सोपं होतं ते. सीमानं नुसतं गप्प बसायचं होतं. मैना इथं राहिली असती, चांगल्या खाटेवर, रोज तासभर खुर्चीत. आणि नाव कायमचं लागलं असतं, सरत्याला पुन्हा कोणी तिला बोलावलं नसतं. सीमानं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. गाठ मारता मारता तिचं लक्ष टेबलाखालून स्वतःच्या हाताकडे गेलं. या हातानं कडी लावली होती.

“थे आजार नाई,” ती म्हणाली. “थे पेरणं हाये.”

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांच्या घरात कोणी शेती पाहिली नव्हती. सीमा उठली, वॉर्डातून फुटाण्यांचा पुडा घेऊन आली. टेबलावरचं वर्तमानपत्र गुंडाळून तिनं नळी केली.

“हा सरता समजा. हे मी.” तिनं फुटाणे ओटीत घेतले आणि डॉक्टरांच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालायला लागली. बोटं जुळेनात. पाच पडले, मग एकही नाही, मग मूठभर भसकन. पांढऱ्या फरशीवर झुबके झाले. बावीस वर्षांपूर्वीचे तेच झुबके होते, आता ते एका शिकलेल्या बाईसमोर मांडून ठेवले होते. सीमाचे कान तापले, तरी ती भिंतीपर्यंत गेली.

“आता तिले बलवा.”

मैना आली. खाली पडलेले फुटाणे आणि सीमाच्या हातातली कागदी नळी पाहून तिला विचारावं लागलं नाही. तिनं ओटी खोचली. डाव्या हातात नळी धरली, उजवा अंगठा फिरायला लागला, ओठ हलले. दोन सोड, दोन सोड. ती खाली पाहत नव्हती, समोर पाहत होती, जणू पुढं बैल आहेत. भिंतीशी वळून ती परत आली. फरशीवर दोन-दोन फुटाणे वीतवीतभर अंतरावर पडले होते.

डॉक्टर माधवी खुर्चीतून उठून खाली बसल्या. एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत त्यांनी आपली वीत लावून पाहिली.

“सारा गाव तिचा हात सांगून ठेवते,” सीमा म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं आणि ते बाहेर काढताना तिला खरंच दुखलं. “थो हात घरी बी थांबत नाई. येवढंच हाये.”

“आणि कडी?”

सीमानं मैनाकडे पाहिलं. मैनानं तिच्याकडे पाहिलं नाही.

“मी लावली. पोलीस येतानी पाहून लावली. पोळ्यापासून-बिळ्यापासून कोणी कोंडलं नाई तिले. मी खोटं सांगतलं.”

“का?”

“मी जळतो तिच्यावर,” सीमा म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. लिहिता लिहिता सहज, मान वर न करता त्यांनी विचारलं, “तुम्हाला झोप लागते का सीमाताई?”

“मी कुठी पेशंट हाये?” सीमा म्हणाली आणि गुडघे टेकून फुटाणे वेचायला लागली. थोड्या वेळानं मैनाही बसली. दोघींनी सगळे फुटाणे वेचले, पण पुडा फाटला होता.

कोर्टात मॅजिस्ट्रेटनी अहवाल वाचला, मैनाला घरी जायला सांगितलं आणि सीमाला सगळ्यांसमोर उभं केलं. कायदा आजारी माणसाच्या रक्षणासाठी आहे, जावेवर सूड घ्यायला नाही, पुन्हा असं झालं तर आत टाकीन, असं ते म्हणाले. नीलम मॅडम बाजूला उभ्या होत्या, त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. किशोरला सगळं तिथंच कळलं. तो ओरडला नाही, मारलं नाही. त्यानं आठ दिवस सीमाशी बोलणं टाकलं. सीमा भांडी आपटायची आणि भिंतीपलीकडे मैना ऐकत असेल हे आठवून थांबायची.

पण एक गोष्ट कोर्टाच्या कागदानं परत आली नाही. मैनाची बोटं थांबली. ती आता उजवा हात पदराखाली झाकून बसायची, ओठ मिटलेले. बाया पाणी भरताना तिच्या हाताकडे चोरून पाहायच्या. घरचं तीन एकर अजून राहिलं होतं, ओल रोज खाली जात होती. खुशालरावांनी सांगून पाहिलं. मैना सीमाजवळ म्हणाली, “बाई, बाबाईले सांगा. मी नाई चालत आता सरत्यावर. लोकं येडीचा हात म्हणतात.” आशाबाई दुसरीकडे गुंतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरनं तिफण जुंपली, मागं पाहिलं, तर सरता धरून सीमा उभी होती. ओटीत थोडंच बी होतं. धुऱ्यावर मैना न्याहारीचं गाठोडं घेऊन बसली होती.

 किशोरनं बैल हाकले. सीमा चालायला लागली. ढेकळं पायाला टोचत होती, नळी हिसके घेत होती, अंगठा आणि बोटं एकमेकांचं ऐकत नव्हती. अर्ध्या तासात मान अवघडली. दुसरं तास फिरलं तेव्हा नळीत माती बसली. सीमानं दोरी ओढली, मैना ओढायची तशी, जरासा हिसका.

बैल चालतच राहिले.

तिनं पुन्हा ओढली. जोरात. किशोर चार पावलं तसाच गेला, मग त्यानं बैल उभे केले आणि वळून पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला.

“दोरी कावून ओढतं? तिले माह्यासंग बोलता येत नाई म्हून ते ओढे. तुले त तोंड हाये न. बोल न काय बोलायचं थे.”

सीमा सरता धरून उभी राहिली. बावीस वर्षं ती बोलत होती आणि आता विचारल्यावर तिला नळीत माती बसली आहे एवढंही सांगता येईना. धुऱ्यावर मैनानं मान वर केली होती.

“मले तीन वर्सापासून झोप येत नाई,” सीमा म्हणाली.

किशोरनं कासरा रुमण्याला गुंडाळला. मग तो काळ्या मातीतून मागं चालत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

“कावून?” तो म्हणाला, आणि उत्तराची वाट पाहत थांबला.